यंत्राची भाषा आणि तिचे मालक

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

संगणक घ्यायला दुकानात गेले की विक्रेता आधी वेग सांगतो, मग बॅटरी किती तास पुरते ते सांगतो आणि शेवटी हप्ता किती पडेल ते. २०२४ च्या जूनपासून त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. ‘इंटेल-एएमडीवाला हवा की स्नॅपड्रॅगनवाला?’ गिऱ्हाईक गोंधळते, कारण दोन्ही यंत्रे दिसायला सारखी आणि पडद्यावरचे विंडोजही सारखेच. फरक आत, प्रोसेसरमध्ये आहे, आणि तो मुळात भाषेचा आहे. भाषेचा प्रश्न आला की आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना त्यात तोंड घालण्याचा अधिकार आहे, असे मी धरून चालतो. विज्ञान शाखेच्या मित्रांनी रागावू नये.

प्रोसेसरला फार थोड्या गोष्टी कळतात. अमुक संख्या उचल, तीत तमुक मिळव, बेरीज तिथे नेऊन ठेव, शून्य आले तर मागे फीर, अशा काहीशे आज्ञा, बस्स. आपण वापरतो तो प्रत्येक प्रोग्राम शेवटी ह्या आज्ञांची आकड्यांत लिहिलेली लांबलचक माळ असतो. कोणत्या आकड्याचा अर्थ कोणती आज्ञा, हे ठरवणारा जो संच, तीच त्या प्रोसेसरची भाषा. इंटेल आणि एएमडी ह्यांचे प्रोसेसर एक्स८६ नावाची भाषा बोलतात. आपल्या खिशातले मोबाइल आणि ते नवे स्नॅपड्रॅगनवाले संगणक आर्म नावाची. एकीतला मजकूर दुसरीच्या पुढे ठेवला तर आकडे दिसतात, अर्थ लागत नाही.

ह्या भाषांच्या लढाईविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा कोण वेगवान, कोण थंड राहतो, कोण कमी वीज खातो, एवढ्यावरच थांबते. माझे म्हणणे निराळे आहे. दोन भाषांमधल्या लढाईने यंत्रे चपळ झाली, हे मान्य. पण ती यंत्रे आमच्यासारख्यांच्या घरात आली ती एकाच भाषेतल्या दोन कारागिरांच्या लढाईमुळे. ह्या दोन लढाया वेगळ्या आहेत, आणि नव्या चिपचे स्वागत करण्याच्या भरात आपण दुसरी लढाई विसरत चाललो आहोत.

आधी एक्स८६ चे कुळ पाहू. इंटेलने १९७८ साली ८०८६ ही चिप काढली ती वेळ मारून नेण्यासाठी. कंपनीची सारी आशा आयएपीएक्स ४३२ नावाच्या दुसऱ्याच, फार महत्त्वाकांक्षी प्रोसेसरवर होती. तो लांबत चालला होता, बाजारात झायलॉगची झेड८० पुढे निघाली होती, म्हणून स्टीफन मोर्स ह्या अभियंत्याच्या हाती तात्पुरते काम सोपवले गेले. पुढे १९८१ साली तो मोठा ४३२ आला आणि पडला. तात्पुरते मात्र आज पंचेचाळीसहून अधिक वर्षांनंतरही टिकून आहे.

टिकण्याचे कारण आयबीएम. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पहिला वैयक्तिक संगणक आणला आणि त्यात ८०८६ चीच स्वस्त बहीण ८०८८ बसवली. त्या वेळी मोटोरोलाची ६८००० ही चिप उपलब्ध होती. तिची आज्ञारचना अधिक नीटस आणि ऐसपैस होती, असे जाणकार आजही सांगतात. पुढे १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये तीच बसली. पण आयबीएमला घाई होती. ६८००० अजून हवी तितकी मिळत नव्हती, आणि ८०८८ बरोबर बाजारात आधीपासून असलेले स्वस्त सुटे भाग चालत होते. मुहूर्त ठरलेला होता. जो नवरा वेळेवर मांडवात हजर होता त्याच्या गळ्यात माळ पडली.

येथपर्यंतची कथा पुष्कळांना ठाऊक असते. मला तिच्यातले एक रुक्ष कलम अधिक महत्त्वाचे वाटते. आयबीएमचा आग्रह होता की ही चिप एकट्या इंटेलवर अवलंबून नसावी, दुसराही कोणी तिचा पुरवठा करणारा असावा. त्यातून १९८२ साली इंटेल आणि एएमडी ह्यांचा करार झाला, आणि तीच भाषा बोलणारी चिप बनवण्याचा परवाना दुसऱ्या घरात गेला. त्याच सुमारास कॉम्पॅकने आयबीएमच्या संगणकासारखाच वागणारा, पण आयबीएमचा नसलेला संगणक बाजारात आणला. मग रांगच लागली. आपल्याकडेही एचसीएल, विप्रो ह्या कंपन्यांनी त्याच घराण्याचे संगणक बनवले, आणि पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग विकत घेऊन ‘असेंबल’ केलेला संगणक कोणाही दुकानदाराकडून बांधून घेता येऊ लागला.

हे मी अभ्यास म्हणून सांगतो आहे, पण ह्यात आमच्या घरचा हिशेबही आहे. माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. मी अकरावीत असताना त्यांनी साडेचार हजार रुपयांना एक जुना संगणक घेतला. त्याचा डबा एका कंपनीचा, आतली मेमरी दुसऱ्या संगणकातून काढलेली, आणि प्रोसेसर एएमडीचा. इंटेलच्या यंत्रावर चालणारा प्रत्येक प्रोग्राम त्यावर निमूटपणे चालला. वडिलांना ह्यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त किंमत विचारली. पण ती साडेचार हजार होती ह्यामागे १९८२ च्या त्या कलमाचा हात आहे, हे मला नंतर वाचताना कळत गेले.

इंटेलला हा भागीदार अर्थातच नकोसा झाला. १९८५ च्या ८०३८६ चा परवाना एएमडीला द्यायचे त्यांनी नाकारले. वर्षानुवर्षे लवाद आणि खटले चालले, आणि शेवटी १९९१ साली एएमडीने आपली ३८६ स्वतःच बाजारात आणली. अधिक वेगाची आणि स्वस्त. आकड्यांवर मालकी सांगता येत नाही, असे कोर्टात ठरल्यामुळे इंटेलने १९९३ साली ५८६ न म्हणता पेंटियम हे नाव काढले. ज्यांना पेंटियमचे जनक म्हणतात ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले. पुढे तेच इंटेल सोडून नेक्सजेनमध्ये गेले, ती कंपनी एएमडीने घेतली, आणि पेंटियमशी झुंजणाऱ्या के६ चिपच्या कामात धाम होते. दोन्ही तालमींत घाम गाळलेला असा मल्ल विरळा.

एकाच भाषेत दोन लिहिणारे असले की काय होते ह्याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे इटॅनियम. संगणकांना ६४ बिटांकडे न्यायची वेळ आली तेव्हा इंटेलने एचपीच्या साथीने ठरवले की जुनी भाषा टाकून द्यायची आणि अगदी नवी, शुद्ध भाषा आणायची. २००१ साली इटॅनियम आला. त्यावर जुने प्रोग्राम चालत, पण रखडत. एएमडीने दुसरी वाट धरली. जुन्याच एक्स८६ ला त्यांनी ६४ बिटांची जोड दिली आणि २००३ साली ऑप्टेरॉन बाजारात आणला. त्यावर नवेही चालले आणि जुनेही पूर्ण वेगाने चालले. लोकांनी कौल दिला, आणि २००४ साली इंटेललाच आपल्या भाषेची पुढची आवृत्ती प्रतिस्पर्ध्याकडून उचलावी लागली. इटॅनियम रेंगाळत २०२१ पर्यंत जगला.

एएमडी नसती तर? मला वाटते, जगाला इटॅनियमच घ्यावा लागला असता. जुने सारे प्रोग्राम पुन्हा लिहावे लागले असते आणि पुन्हा विकत घ्यावे लागले असते. मोठ्या कंपन्यांनी ते केलेही असते. लॅमिंग्टन रोडवरच्या गिऱ्हाइकाने काय केले असते?

ह्यावर विरुद्ध बाजूचे म्हणणे मी जाणतो. आमच्याच महाविद्यालयात संगणकाची प्रयोगशाळा पाहणाऱ्या सरांनी ते मला जवळजवळ तासभर समजावून सांगितले. १९७८ चे ओझे पाठीवर घेऊन किती दिवस चालायचे? बर्कलीचे डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्डचे जॉन हेनेसी ह्यांनी १९८० च्या आसपासच दाखवून दिले होते की थोड्या, साध्या, एकसारख्या आज्ञा असलेली चिप अधिक चांगली चालते. त्यांना त्यासाठी २०१७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आर्म ही त्याच विचारातून निघालेली भाषा. केंब्रिजच्या एकॉर्न नावाच्या लहानशा कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ह्यांनी ती घडवली. प्लास्टिकच्या स्वस्त आवरणात बसावी म्हणून चिप तापता कामा नये, एवढी त्यांची काटकसर. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली आणि चालू झाली. ती किती वीज घेते हे मोजू गेले तर काटा शून्यावर! वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच ती काम करत होती, असा किस्सा सांगितला जातो. (ह्याच एकॉर्नचे बीबीसी मायक्रो हे संगणक १९८४ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून आपल्या देशातल्या शाळांत आले होते. आमच्या गावच्या शाळेपर्यंत ते पोचले नाहीत, हे सांगायला नको.)

सरांचे म्हणणे खोटे नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने आर्मच्या भाषेतली एम१ चिप मॅकमध्ये बसवली तेव्हा पंख्याशिवाय चालणारा लॅपटॉप इंटेलवाल्या जुन्या मॅकना मागे टाकताना साऱ्यांनी पाहिला. इंटेल-एएमडीचे प्रोसेसर तरी आतून जुन्या पद्धतीने कुठे चालतात? १९९५ च्या पेंटियम प्रोपासून ते बाहेरून आलेली जुनी आज्ञा आत घेताच तिचे छोट्या सोप्या आज्ञांत तुकडे करतात. बाहेर सोवळे, आत नवी रीत. ह्या सोवळ्याला काही खर्च पडतो, हे उघड आहे.

पण ॲपलला हे जमले ते कशामुळे, हे पाहिले पाहिजे. ॲपल स्वतःच यंत्र करते, स्वतःच त्यावरची प्रणाली लिहिते. तिने तीनदा भाषा बदलली: १९९४ साली मोटोरोलाची ६८००० सोडून पॉवरपीसी, २००६ साली पॉवरपीसी सोडून इंटेल, २०२० साली इंटेल सोडून आर्म. दर वेळी जुन्या प्रोग्रामांसाठी भाषांतराची सोय केली. शेवटच्या दोन वेळच्या दुभाष्याचे नाव रोझेटा. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ह्या नावाचा शिलालेख आठवेल. परंतु २००६ चा रोझेटा २०११ साली काढून टाकला गेला, आणि पॉवरपीसीसाठी विकत घेतलेले प्रोग्राम नव्या मॅकवर मुके झाले. २०२५ च्या जूनमध्ये ॲपलने जाहीर केले की त्या वर्षीची मॅकची प्रणाली ही इंटेलवाल्या यंत्रांना मिळणारी शेवटची. दुभाषा ठेवायचा की काढायचा हे नवे यंत्र विकणाराच ठरवतो, ही मला ह्यातली बोचणारी गोष्ट वाटते.

दुभाष्याची किंमत आपल्याला परकी नाही. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे दोन कागद आहेत, मोडीत लिहिलेले. कागद शाबूत, शाई शाबूत. घरात वाचता कोणालाच येत नाही. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा सरकारी दप्तरांसमोरही मोडी वाचणारी माणसे शोधून आणून बसवावी लागली. लिपी बदलली तेव्हा छपाई सोपी झाली, हे खरेच. बदलाचे दाम मात्र ज्यांच्या घरात एकच कागद होता त्यांनी मोजले.

मायक्रोसॉफ्टनेही २०१२ साली आर्मवर चालणारे विंडोज आणले होते. जुना एकही प्रोग्राम त्यावर चालत नसे. लोकांनी पाठ फिरवली आणि पुढच्या वर्षी कंपनीला ९० कोटी डॉलर तोट्यात दाखवावे लागले. आताच्या स्नॅपड्रॅगनवाल्या यंत्रांत दुभाषा आहे आणि तो बरा चालतो. तरी जे प्रोग्राम यंत्राच्या खोल भागाशी, म्हणजे ड्रायव्हरशी बांधलेले असतात, ते त्याला पेलत नाहीत. ह्याचा अर्थ काय होतो हे मी रोज संध्याकाळी पाहतो.

ज्या छापखान्यात आपले हे वार्षिक जुळवले जाते तेथे मी टंकलेखनाचे काम करतो. तेथला मराठी जुळणीचा प्रोग्राम जुना आहे. तो यंत्राला जोडलेल्या एका लॉकशिवाय उघडत नाही, आणि त्याचे टंक युनिकोडचे नाहीत. ह्या प्रोग्रामात लग्नपत्रिका आहेत, पतसंस्थांचे अहवाल आहेत, गावोगावच्या देवस्थानांच्या पुस्तिका आहेत. छापखान्याच्या काकांनी संगणकाचा डबा तीनदा बदलला. आधी पेंटियम, मग एएमडीचा, आता पुन्हा इंटेलचा. प्रोग्राम तोच राहिला. मी एकदा नव्या लॅपटॉपविषयी बोललो तर ते म्हणाले, ‘अरे, यंत्र कितीही पळो, माझी अक्षरं त्याला दिसायला हवीत ना?’ नव्या चिपच्या जाहिरातींत मला काकांच्या ह्या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नाही.

एक्स८६ ची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. तिनेही वचन अखंड पाळलेले नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे जुने प्रोग्राम चालत नाहीत. शिवाय ती भाषा लिहिण्याचा परवाना आज व्यवहारात दोघा-तिघांकडेच आहे. आर्मचा परवाना पुष्कळांना मिळतो, हे तिच्या बाजूने सांगता येईल. पण तोही विकत घ्यायचा असतो, आणि मालक बदलू शकतो. २०१६ साली जपानच्या सॉफ्टबँकेने आर्म विकत घेतली. २०२० साली ती एनव्हीडियाला विकायला निघाली, आणि तो सौदा २०२२ साली मोडला. त्याच वर्षी आर्मने परवान्यावरून स्नॅपड्रॅगन बनवणाऱ्या क्वालकॉमला कोर्टात खेचले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ज्युरीने मुख्य मुद्द्यावर क्वालकॉमच्या बाजूने कौल दिला. पण एखाद्या कवीला त्याची भाषा वापरल्याबद्दल कोर्टात उभे करावे, तसाच हा प्रकार मला वाटला. मराठीत लिहायला कोणाचा परवाना लागत नाही.

तशी भाषा यंत्रांसाठीही निघाली आहे. २०१० साली बर्कलीत क्रेस्ते असानोविच आणि त्यांचे विद्यार्थी ह्यांनी रिस्क-व्ही ही भाषा आखली. पॅटरसनही बरोबर होते. तिची चिप कोणीही बनवावी, परवान्याचे पैसे नाहीत. मद्रासच्या आयआयटीतला ‘शक्ती’ प्रोसेसर तिच्यात आहे आणि सी-डॅकचा ‘वेगा’ही तिच्यात. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या ह्याच सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर ह्या ब्रिटिश चिपवर उभा केला होता. चिप गुणी होती, घर एकच होते. आज ती कोणी बनवत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने रिस्क-व्हीसाठी स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला. त्याच्या बातम्यांत ‘स्वदेशी’ ह्या शब्दावर फार जोर असतो. मला तिचे स्वदेशी असणे तितके महत्त्वाचे वाटत नाही. तिच्यात दोन कारागीर एकमेकांशी झगडू शकतात, हे महत्त्वाचे वाटते.

तथापि वाङ्मय नसलेली भाषा कोणी शिकत नाही. रिस्क-व्हीवर विंडोज नाही. लिनक्स मात्र आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ ह्या आवृत्तीत रिस्क-व्हीला प्रथमच अधिकृत जागा मिळाली. त्याच आवृत्तीने ३२ बिटांच्या जुन्या एक्स८६ यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय मात्र बंद केली. फुकट वाटल्या जाणाऱ्या, सर्वांच्या मालकीच्या प्रणालीलाही जुन्या यंत्राचा भार वाहणारी माणसे अपुरी पडतात.

तेव्हा पुढच्या दहा वर्षांत कोणती चिप जिंकेल ह्यावर पैज लावण्यापेक्षा आपला मजकूर कोणत्याही एका चिपच्या दावणीला बांधलेला राहू नये, हे आपण पाहावे. माझी प्राचार्यांना आणि मराठी विभागाला एक साधी विनंती आहे. आपल्या वार्षिकाच्या २००३ पासूनच्या अंकांच्या फायली त्या छापखान्यातल्या यंत्रात आहेत, त्याच जुन्या प्रोग्रामात, त्याच लॉकमागे. त्यांतल्या कित्येक अंकांची छापील प्रत ग्रंथालयात एकेकच उरली आहे. आज त्या फायली उघडतात. त्या उघडून मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यायला एका अंकाला, चुका तपासण्यासकट, मला चार संध्याकाळी लागल्या. मी २००३ चा करून पाहिला आहे. जोडाक्षरे आणि रफार तेवढे हाताने दुरुस्त करावे लागतात. आम्ही सहाजण तयार आहोत. दिवाळीच्या सुट्टीनंतर लग्नसराई सुरू होईपर्यंत यंत्र दुपारी मोकळे असते, असे काकांनी सांगितले आहे, आणि त्या वेळेचे पैसे ते घेणार नाहीत.